वॉरंट न्यायालयातच रद्द होते

इंदिरानगर, नाशिक

चि. सौरभ यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नावाचे अटकेचे वॉरंट घेऊन हवालदार घरी येऊन गेले. बेंगळुरूपर्यंत कोण पोलीस येणार आहे, असे फोनवर म्हणून तू तो विषय झटकलास, म्हणून हे पत्र लिहीत आहे. अटकेचे वॉरंट भारतात कोठेही बजावता येते, आणि ते काढणाऱ्या न्यायालयाने रद्द करेपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत ते अमलात राहते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच होते आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 72 आणि 79 मध्येही हेच आहे. वर्ष उलटले म्हणून वॉरंट शिळे होत नाही.

घरी आलेल्या हवालदारांकडे मी तो कागद वाचायला मागितला. ज्याला अटक करायची त्याने मागितल्यास वॉरंट दाखवणे हे त्यांचे कर्तव्यच असते, आणि मला दाखवायलाही त्यांनी कुरकुर केली नाही. छापील नमुन्यात निळ्या शाईने तुझे नाव होते, वडिलांच्या नावापुढे ‘माहीत नाही’ असे लिहिलेले होते, आणि खाली न्यायाधीशांची सही व न्यायालयाचा गोल शिक्का होता. अंबडच्या ज्या पुरवठादाराला तू भागीदारीच्या खात्याचा धनादेश सही करून दिला होतास, तेच फिर्यादी आहेत. ‘सदर इसम मिळून आला नाही’ असा शेरा मारून हवालदार गेले. त्यांनी विचारले तेव्हा मी तुझा बेंगळुरूचा खरा पत्ता सांगितला. तुला ते रुचणार नाही, पण लपणाऱ्याची आई होण्याची माझी तयारी नाही.

नंतर ई-कोर्ट्सच्या ॲपवर नाशिक जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावाने शोध घेतला. इंग्रजी स्पेलिंग बदलून पाहिल्यावर प्रकरण सापडले, आणि मागच्या तारखांना काय झाले तेही तेथेच वाचता आले. समन्स सातपूरच्या जुन्या दुकानाच्या पत्त्यावर गेले होते आणि ‘घेण्यास नकार’ या पोस्टमनच्या शेऱ्यासह परत आले. तो नकार कोणी दिला असेल, हे तुला मी सांगायला नको. धनादेशाच्या खटल्यात असा शेरा आला की समन्स बजावले गेले, असे न्यायालयाला धरता येते. त्यानंतर जामीनपात्र वॉरंट निघाले, तेही बजावणीविना परतले, आणि मग हे अजामीनपात्र निघाले.

या अजामीनपात्र शब्दानेच तुझ्या बाबांची झोप उडाली आहे. वास्तविक धनादेश न वटण्याचा, म्हणजे कलम 138 चा, गुन्हा जामीनपात्र आहे. वॉरंट अजामीनपात्र निघाले ते तू हजर झाला नाहीस म्हणून. याचा अर्थ एवढाच, की पोलिसांनी पकडले तर ते तुला ठाण्यातून जामिनावर सोडू शकत नाहीत, चोवीस तासांच्या आत न्यायालयापुढे उभे करतात. तू आपण होऊन वकिलांसह हजर झालास आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज दिलास, तर अशा प्रकरणात न्यायालय बहुधा थोडाफार खर्च लावून आणि जामीन घेऊन सोडते. समन्स प्रत्यक्ष तुझ्या हाती पडलेच नव्हते, हे अर्जात स्पष्ट लिहायचे आहे. आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट आणि अगदी गरज पडली तरच अजामीनपात्र, असा क्रम सर्वोच्च न्यायालयाने 2007 च्या इंदर मोहन गोस्वामी निकालात सांगितला आहे, त्याचाही आधार वकीलसाहेब घेणार आहेत.

तुझ्या एका मित्राने मला फोन करून पोलीस ठाण्यातच ‘मॅनेज’ करून देतो असे सांगितले. त्याला एक पैसाही देऊ नकोस. वॉरंट मागे घेण्याचा अधिकार पोलिसांना नाही. फार तर ते आणखी एकदा ‘मिळून आला नाही’ असे लिहितील, आणि तेच तुझ्या अंगाशी येईल. फरार असल्याची न्यायालयाची खात्री पटली की जाहीरनामा निघतो, तो राहत्या घराच्या दारावर डकवला जातो, गावात वाचून दाखवला जातो, आणि पुढे मालमत्तेच्या जप्तीपर्यंत मजल जाते. याउलट व्हिडिओ कॉलवर वॉरंट दाखवून कोणी पैसे मागितले तर तो भामटाच समजावा आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर तक्रार करावी. वरच्या मजल्यावरचे काका त्यात थोडक्यात वाचले.

जामिनाची सोय मी पाहिली आहे. तहसील कचेरीत माझी नोकरी झाली, त्यामुळे जामीनदाराला लागणारा ऐपत दाखला, म्हणजे त्याच्या मालमत्तेच्या किमतीचा दाखला, मिळायला किती दिवस लागतात ते मला ठाऊक आहे. म्हणून तुला जामीन राहणाऱ्या मामांचा अर्ज आजच दिला. दाखला वेळेत हाती आला नाही तर तोपर्यंत रोख जामिनाची परवानगी मागू. मामा सिन्नरहून सातबारा आणि आधार घेऊन येतील.

मूळ देण्याचे काय करायचे, हा प्रश्न निराळा आहे. दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. परंतु या गुन्ह्यात तडजोड करता येते, आणि ती जितकी लवकर तितका भुर्दंड कमी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या दामोदर प्रभू निकालात ठरवून दिले आहे. माल खरोखर आला होता का आणि त्यातले किती पैसे दिले गेले, हे मला नक्की सांग. देणे खरे असेल तर लोक अदालतीत हप्ते बांधून घेऊ. खोटे असेल तर खटला लढवू. त्यासाठी भागीदारीतून निवृत्त झाल्याचा करार आणि त्या वर्षाचे बँकेचे उतारे शोधून आण.

पुढच्या तारखेची वाट पाहू नकोस. वकीलसाहेब त्या आधीच प्रकरण बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाच्या यादीत, घेण्याचा अर्ज देणार आहेत, त्यांना सोमवार सोयीचा आहे. तू रविवारी रात्रीपर्यंत घरी पोहोच, शनिवारी पाठवते त्या वकीलपत्रावर सही करून आण, आणि सोबत आधारची मूळ प्रत व दोन फोटो असू देत. सकाळी साडेदहाला सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या फाटकाशी मामा आणि वकीलसाहेब भेटतील. पुकारा होईपर्यंत न्यायकक्षाबाहेरून हलू नकोस आणि फोन बंद ठेव.

तुझी,
आई