भानुमतीची पट्टी ठरवण्याआधी

चि. सानिका,

अनेक उत्तम आशीर्वाद.

‘कुलवधू’ नाटकातली भानुमतीची भूमिका तुझ्याकडे आली आणि त्याच आठवड्यात मालिकावाल्यांचा फोनही आला. दोन्हींपैकी काय सोडू, असं विचारलंस. माझ्या मते काहीच सोडू नकोस. फक्त रंगमंचावरचं गाणं आणि कॅमेऱ्यासमोरचं गाणं ही दोन वेगळी कामं आहेत, एवढं पक्कं धर. एकीकडची सवय दुसरीकडे नेणाऱ्या मुली दोन्हीकडे अडकतात. आणि तुला मिळालेली भानुमती स्वतःच सिनेमात काम करणारी बाई आहे, हे तालमीत विसरू नकोस. तिचं चालणं-बोलणं घरातल्या इतर बायकांपेक्षा थोडं मोकळं हवं.

1942 साली मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनने हे नाटक आणलं, संगीत मास्टर कृष्णरावांचं आणि भानुमती ज्योत्स्नाबाई भोळे. बाई गोव्यातल्या बांदिवड्याच्या, जन्म 1914 चा, माहेरच्या दुर्गा केळेकर. त्याआधी 1933 मध्ये नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’त त्यांनी बिंबा केली होती. त्या नाटकाने स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांना दिल्या, हे सगळे सांगतात. गाणाऱ्या नटीच्या दृष्टीने दुसरा बदल मला मोठा वाटतो. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त दोनशेच्या आसपास पदं होती. इथे ती मोजकी झाली आणि बोलता बोलता गाण्यात शिरण्याची रीत आली. पदासाठी पुढे येऊन उभं राहायचं, ऑर्गनची वाट पाहायची, मग बैठक जमवायची, एवढा अवकाशच उरला नाही. संगीत केशवराव भोळ्यांचं, म्हणजे ज्योत्स्नाबाईंच्या यजमानांचं.

हेच केशवराव त्या काळात प्रभात फिल्म कंपनीत ‘अमृतमंथन’ (1934) आणि ‘कुंकू’ (1937) यांना संगीत देत होते, आणि तिथे त्यांच्यासमोर शांता आपटे होत्या. एकाच संगीतकाराने रंगमंचासाठी एका बाईकडून आणि पडद्यासाठी दुसरीकडून काय काढून घेतलं, ते दोघींच्या रेकॉर्डी लागोपाठ लावून ऐक. तुझ्या अर्ध्या शंका तिथेच फिटतील.

रेकॉर्डीवरून पट्टी, म्हणजे गाताना सा कोणत्या सुरावर धरायचा ते, मात्र ठरवू नकोस. जुन्या तव्याची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची, त्यामुळे पद आटोपशीर करून गायलेलं असतं, नाटकातली लय त्याहून संथ असू शकते. शिवाय मिनिटाला 78 फेऱ्यांचा तवा उतरवून घेताना यंत्र 82-83 वर फिरलं असेल तर काळी तीनमधलं गाणं पांढरी पाचात, म्हणजे पेटीवरच्या लगतच्या वरच्या पट्टीत, ऐकू येतं. अशा नकला इंटरनेटवर पुष्कळ आहेत आणि त्यांच्याशी जमवून घेताना मुली गळा ताणतात. तुझी पट्टी अशी काढ: पदातला सगळ्यात वरचा सूर कोणता ते बघ. दोन तास संवाद बोलून झाल्यावर, घरात फेऱ्या मारता मारता, तो सूर तीन वेळा सलग लाव. तिसऱ्यांदाही हनुवटी वर न जाता लागला, तर ती पट्टी तुझी. सकाळी रियाजाला जी सुखाची वाटते तिच्यापेक्षा ही बहुधा अर्धा सूर खाली निघते. त्यात कमीपणा काही नाही. ‘बोला अमृत बोला’ ही भैरवी. ती काळी चारात किंचाळण्यापेक्षा काळी तीनात भरून आलेली केव्हाही बरी.

संवादातून पदात जाणं ही खरी परीक्षा. ऑर्गनवाले तुझ्या शेवटच्या वाक्याखाली सूर भरतील. ते वाक्य तू त्या सूरापासून फार लांब बोललीस, तर पहिला शब्द बेसूर पडतो आणि मुखडा संपेपर्यंत सावरत नाही. म्हणून शेवटची दोन वाक्यं षड्जाच्या आसपास आणून ठेवायची, श्वास वाक्याच्या शेवटी न घेता त्याच्या आधीच्या विरामात घ्यायचा, आणि तबल्याच्या समेची वाट न पाहता शब्द उचलायचा. तबलजी तुला गाठतील, ते त्यांचं काम. अंतऱ्यात एखादी जागा, म्हणजे सुरांची सजावट, घ्यावीशी वाटली तर घे, पण त्या क्षणी भानुमती काय मागते आहे ते आधी बघ. रागावलेल्या बाईने सावकाश आलाप घेतला की प्रेक्षक गाण्याला दाद देतो आणि नाटक तिथेच थांबतं. वन्समोअर आला तर चेहरा मोडून हसायचं नाही, नमस्कार तर नाहीच. आहेस तिथेच उभी राहा, ऑर्गनकडे न बघता सूर घे आणि अंतऱ्यापासून पुन्हा गा. एकदाच. दुसऱ्या वन्समोअरला पुढचं वाक्य मोठ्याने टाकायचं, टाळ्या आपोआप विरतात.

आता साडीबद्दल, कारण यावर कुणी बोलत नाही. कमरेची गाठ किंवा नाडी पोट आत ओढून बांधलेली असते, उभं राहिल्यावर छान दिसते आणि दुसऱ्या पदाला श्वास अर्ध्यावर तुटतो. रंगपटात गाठ मारताना पोटभर श्वास घे, तो धरून ठेव आणि तसंच असताना बांधायला सांग. एक बोट सहज आत गेलं पाहिजे. नऊवारी असली तर हे अधिकच पाळायचं, कारण कासोट्याचा ओढा मागून पोटावर येतो. केसांचा स्प्रे मारताना तोंड मिटून श्वास रोखून धर. जेवण प्रयोगाआधी दोन तास आणि हलकं. वाफ घ्यायची तर पहिल्या घंटेच्या निदान अर्धा तास आधी, लगेच गायचं नाही. ज्येष्ठमध चघळल्याने घसा ओला राहतो, स्वरतंतूंपर्यंत ते पोचत नाही, तेव्हा त्याच्यावर विसंबून पाणी कमी पिऊ नकोस. आवाज बसला तर कुजबुजू नकोस, त्याने गळ्यावर ताण वाढतो. सरळ गप्प बस.

हल्ली बहुतेक नाट्यगृहांत कॉलरचा माइक लावतात. छातीवर लावला तर मंगळसूत्र त्यावर आपटतं आणि मिठीच्या प्रवेशात आवाज बुजतो. कपाळावर केसांच्या रेषेत लपवलेला बरा, मात्र घाम तिथेही येतो, म्हणून मध्यंतरात पुसून घ्यायचा. वरच्या सुराला मान मागे नेऊन माइकपासून लांब जाण्याची सवय उभ्या माइकची आहे. इथे माइक तुझ्याबरोबरच हलतो, म्हणून आवाज कमी-जास्त करणं ध्वनिव्यवस्थेवर बसलेल्या माणसाच्या हाती असतं. त्याला पदांच्या खुणा केलेली संहिता दे आणि वरच्या जागा लाल शाईने दाखव. गोव्यात पावसाळी हवेत प्रयोग असला तर तबल्याच्या पुडीचा, म्हणजे वरच्या कातड्याचा, सूर उतरतो, दिव्यांच्या उष्णतेने चढतो. दोन अंकांच्या मध्ये सूर पुन्हा मिळवायला तबलजींना पाच मिनिटं मिळतील, एवढं व्यवस्थापकांकडून कबूल करून घे.

आता पडदा. बोलपटाच्या सुरुवातीला गाणं जागेवरच ध्वनिमुद्रित व्हायचं. प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त (1932) दुर्गाबाई खोट्यांना अभिनय करता करता गावं लागलं, साथीदार चौकटीबाहेर दडलेले. 1935 मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने आधी गाणं मुद्रित करून मग त्यावर ओठ हलवण्याची पद्धत आणली, आणि गळा आणि चेहरा एकाच बाईचा असण्याची सक्ती संपली. शांताबाईंचं वेगळेपण असं की त्या गाताना गोठत नसत. डोळे, मान, हात गाण्याबरोबर चालू राहत. ‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीत नाही, प्रसंगात जो आवाज असेल तेवढाच. अशा चित्रपटात नटीच्या गाण्याला मागून सावरणारं काही नसतं.

स्टुडिओत तुला पहिली अडचण येईल ती आवाजाच्या फेकीची. शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायला कमावलेला आवाज माइकपासून वीतभर अंतरावर फुटतो. तिथे ताकद कमी कर, पण शब्दाचं टोक ठेव, नाहीतर गाणं गुळमुळीत होतं. ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचा वारा माइकवर आदळतो. तोंड किंचित बाजूला ठेवून गायलीस तर तो टळतो, समोरच्या जाळीवर सगळं सोपवू नकोस. हेडफोनचा एक कान अर्धा मोकळा ठेव. कानात वाद्यं फार मोठी असली की स्वतःचा सूर ऐकू येत नाही आणि तो सरकतो. ट्रॅकची लय ठरलेली असते, तबलजीसारखी ती तुझ्यासाठी थांबत नाही. नाटकात ज्या शब्दावर तू लय ओढून धरतेस तिथे इथे मागे पडशील. शिवाय गाणं तुकड्यांनी घेतात. आधी अंतरा, चार तासांनी मुखडा, असंही होतं. म्हणून प्रत्येक ओळीपुढे भाव आणि आवाजाचा जोर दोन शब्दांत लिहून ठेव.

चित्रणाच्या दिवशी गाणं वाजेल आणि तू ओठ हलवशील. नुसते हलवू नकोस, मोठ्याने गा. गळ्याच्या शिरा, खांदे, श्वास हे सगळं कॅमेऱ्याला दिसतं. मुद्रणात जिथे श्वास घेतलास तिथेच चित्रणात घ्यावा लागतो, चुकला तर जवळच्या दृश्यात लपत नाही. मुद्रणाच्या कागदावर श्वासाच्या जागी उभ्या रेघा मार आणि तोच कागद सेटवर ने. दुसऱ्या कुणाच्या आवाजावर ओठ हलवायचे असले तर हे दुप्पट, कारण श्वास तिचा आणि छाती तुझी. यात कमीपणा मानू नकोस. ‘कट्यार काळजात घुसली’त 1967 साली रंगमंचावर झरिना करणाऱ्या फैय्याज स्वतः गात. 2015 च्या चित्रपटात झरिना अमृता खानविलकरने केली आणि गळा दुसरीचा. उलट बाजूने बघ, ‘घरकुल’मधलं ‘कोन्यात झोपली सतार’ ऐकताना फैय्याज यांचा रंगमंचावर कमावलेला शब्द माइकसमोर किती आवरून आला आहे ते कळतं. हे आवरणं शिकायला ते एक गाणं पुरे. मी तर म्हणेन, पाठच कर.

करारावर सही करण्याआधी दोन गोष्टी. शांता आपट्यांनी 1939 मध्ये करारावरून प्रभातच्या फाटकाशी उपोषण केलं होतं. पुढे त्या स्वतंत्रपणे कामं करू लागल्या, 1941 मध्ये तमिळ ‘सावित्री’त सावित्री झाल्या, नारदाच्या भूमिकेत एम. एस. सुब्बलक्ष्मी. एका संस्थेला पूर्ण बांधलेल्या नटीचं काय होतं, हे त्या काळापासून ठाऊक आहे, तरी मालिकेचे करार आजही तसेच येतात. ‘या काळात अन्यत्र काम करणार नाही’ ही ओळ असेल तर तीत ‘नाटक वगळून’ हे शब्द घालून घे. प्रयोगांच्या तारखा तोंडी सांगू नकोस, यादी कराराला जोड. गोरेगावच्या सेटवरून पुण्याला यायला रस्ता बरा असला तरी चार तास, म्हणून संध्याकाळच्या प्रयोगादिवशी दुपारी सुटका नव्हे, पूर्ण सुट्टीच लिहून घे. आणि गाणं तूच गाणार असशील तर ते वेगळं काम, वेगळं मानधन. चित्रपटात गाणं घ्यायला एकदा लेखी संमती दिलीस की वापर अडवता येत नाही. मात्र व्यावसायिक वापरातल्या स्वामित्वधनावर गायिकेचा हक्क 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने मान्य केला आहे. तो सोडून दिल्याची ओळ करारात दिसली तर सहीआधी वकिलाला दाखव.

या रविवारी पट्टी पक्की कर आणि ऑर्गनवाल्यांना सोमवारीच कळव. वाचनाच्या तालमीनंतर ती बदलायला सांगितलीस तर सगळ्यांनाच कंटाळा येतो. कराराचा मसुदा आला की फोटो काढून पाठव, मी पेन्सिलने खुणा करून परत धाडेन.

तुझी,
आई