‘निम्मी दिवाळी’ म्हणजे नेमकी कुठली?
महोदय,
विभक्त आईबाबांनी मुलांचं वेळापत्रक लेखी करून कोर्टात द्यावं, हा तुमचा रविवारचा लेख वाचला, पण अर्धाच पटला. कागद होतो हो, तो अडला की काय करायचं तिथे खरी बोंब आहे. माझ्या लेकाच्या कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे नवरा-बायकोने संमतीने कोर्टात दिलेल्या लेखी अटींमध्ये, लिहिलंय ‘दिवाळीची सुट्टी निम्मी निम्मी’, आता लक्ष्मीपूजन कोणाकडे, भाऊबीज कोणाकडे हे कुठेच नाही, मग अर्ज, त्याला समोरच्या वकिलांचं उत्तर, आणि तारीख मिळाली ती तुळशीचं लग्न उरकल्यावर. नात किल्ल्यावरचे मावळे पुसून ठेवून बसलेली.

फॅमिली कोर्टाच्या १९८४ च्या कायद्यातलं कलम ९ म्हणतं की कोर्टाने समेटाचा प्रयत्न करावा, लॉ कमिशननेही २०१५ च्या २५७ व्या रिपोर्टमध्ये पॅरेंटिंग प्लॅन, म्हणजे मूल कधी कोणाकडे राहणार याचा लेखी आराखडा, सुचवलाय. मॅरेज काउन्सेलर तर कोर्टातच बसतात. मग सुट्ट्यांची, वाढदिवसाची असली भांडणं वकिलांशिवाय आठवडाभरात त्यांच्यापुढे मिटवायची सोय का नसावी? आणि प्लॅनमध्ये सण नावानिशी, तास-वेळेसकट लिहून घ्या, ‘निम्मी’ शब्द चालणारच नाही म्हणून सांगा. सुनेची बाजूही असेल, मी नाही म्हणत नाही, पण दिवाळी दोघांचीही गेली.

– एक आजी, डोंबिवली