चाकणच्या लाइनवर आम्हाला इंग्रजी बोलतं करणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमात सगळ्यांनी तुमच्या ऑडिटच्या तयारीचं आणि शिस्तीचं कौतुक केलं. ते खरंच आहे. पण मला तुमचे आभार मानायचे आहेत ते दुसऱ्याच गोष्टीसाठी, आणि चारचौघांत मानायचे आहेत, म्हणून हे उघड पत्र.

आपल्या कारखान्याच्या क्वालिटी डिपार्टमेंटमधली आम्ही बहुतेक मुलं-मुली मराठी माध्यमातली, डिप्लोमा करून आलेली. ड्रॉइंग, कंट्रोल प्लॅन, वर्क इन्स्ट्रक्शन यांत आमचं कुठं अडत नव्हतं. अडायचं ते इंग्लंडच्या ग्राहकाबरोबरच्या कॉलवर. शाळेत आम्ही 'पोस्टपोन', 'इन्व्हेस्टिगेट', 'टॉलरेट' पाठ केलेले, आणि पलीकडची माणसं त्याच अर्थानं म्हणायची 'पुट ऑफ', 'लुक इन्टू', 'पुट अप विथ'. हीच ती फ्रेजल व्हर्ब्ज: छोट्या क्रियापदाला 'ऑफ', 'अप' असे शब्द जोडून वेगळाच अर्थ होणारी. सुटा सुटा प्रत्येक शब्द ओळखीचा, पण एकत्र आले की अर्थ लागायचा नाही.

यात आमचं काही कमी नाही, हे पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत. चहाच्या सुट्टीत तुम्ही थेट १०६६ सालात शिरलात. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबाराची आणि कोर्टकचेरीची भाषा फ्रेंच झाली, विद्वानांची लॅटिन तर होतीच. त्यामुळे कागदोपत्री शब्द बरेचसे तिकडून आले आणि रोजच्या बोलण्यात जुने छोटे शब्द टिकून राहिले. 'अगं, शाळेनं तुम्हाला कागदावरचं इंग्रजी दिलं, बोलण्यातलं द्यायचं राहिलं, एवढंच,' असं तुम्ही म्हणालात. आमच्यातल्या कितीजणांची मान त्या दिवशी ताठ झाली, ते मी पाहिलंय.

मग तुम्ही शिफ्टच्या फळ्यावर आमचेच शब्द लिहिलेत: ब्रेकडाऊन, शटडाऊन, सेटअप, चेंजओव्हर, हँडओव्हर. ऑपरेटरपासून हेल्परपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असलेले. त्यातलं प्रत्येक नाम सोडवलं की आत क्रियापद सापडतं, हे तुम्ही दाखवलंत. 'ब्रेकडाऊन' म्हणताना जोर 'ब्रेक'वर आणि 'द मशीन ब्रोक डाऊन' म्हणताना 'डाऊन'वर, हे आम्ही सीएनसी मशीनच्या आवाजात मोठमोठ्यानं म्हणून पाहिलं. कॉलवर ऐकताना हा जोर कुठं पडतो ते कळायला लागलं, आणि निम्मी वाक्यं तिथंच उलगडली.

कुणीतरी विचारलं, 'पुट ऑफ'मधे ठेवायचं काय असतं? तुम्ही उलट विचारलंत, 'देऊन टाक म्हणतो तेव्हा आपण काय टाकतो?' इतकं नेमकं उत्तर मी कुठल्याच क्लासमध्ये ऐकलेलं नाही. 'यूज अप', 'फिनिश अप' यांतला 'अप' म्हणजे काम पूर्ण होणं. 'वेअर आऊट', 'फेज आऊट'मधला 'आऊट' म्हणजे संपत जाणं. आणि हा नियम सगळीकडे चालणार नाही, 'पुट अप विथ' तसंच लक्षात ठेवावं लागेल, हेही तुम्ही तेव्हाच सांगून टाकलंत. 'शट इट डाऊन'मध्ये 'इट' मधोमध आणि 'लुक इन्टू इट'मध्ये शेवटी, हे मात्र तुम्ही आमच्याकडून घोटून घेतलंत.

मोबाइलवर पाचशे फ्रेजल व्हर्ब्जच्या याद्या फिरत असतात. त्या पाठ करून कुणाचं भलं होतं, असं मला वाटत नाही. तुम्ही आम्हाला आमचेच मेल वाचायला लावलेत. ऑडिट 'पुट ऑफ' झालं तर तारीख पुढं गेली, गेजचं कॅलिब्रेशन (मोजमापाच्या साधनांची तपासणी) आणि फायली तयारच ठेवायच्या. 'कॉल ऑफ' झालं तर रद्द. 'साइन ऑफ' म्हणजे नुसती सही नाही, मंजुरी दिली आणि जबाबदारी घेतली. रिजेक्ट झालेल्या लॉटबद्दल ग्राहक म्हणाला, 'लुक इन्टू इट अँड गेट बॅक टू अस बाय फ्रायडे.' तुम्ही वहीत मधोमध रेघ मारलीत. डावीकडे त्याचे शब्द, उजवीकडे आमची कामं: कारण शोधायचं, शुक्रवारपर्यंत उत्तर कळवायचं, आणि दोन्हींपुढे ते करणाऱ्याचं नाव. एका वाक्यात दोन कामं असतात हे तेव्हा नजरेला दिसलं.

या सगळ्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. मी कॉलवर बोलत असताना तुम्ही माझ्या तोंडचं वाक्य कधी ओढून घेतलं नाहीत. मी अडखळले की पॅडवर एखादा शब्द लिहून हळूच माझ्याकडे सरकवायचात आणि बोलू मलाच द्यायचात. ग्राहकाला शेवटपर्यंत वाटत राहिलं की उत्तर माझंच आहे. दहा जणांसमोर ज्युनियरला अशी जागा करून देणारे सीनियर फार थोडे असतात, मॅडम. माझ्या वाट्याला तुम्ही आलात.

मंगळवारचा कॉल आता मी घेते. नवीन ट्रेनी आले आहेत, दोघी बीडच्या, एक जत तालुक्यातला. मधोमध रेघ मारलेली तुमची ती वही माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे. तिची झेरॉक्स काढून या तिघांना द्यायची आहे, पण तुम्हाला विचारल्याशिवाय देणार नाही. तेवढा होकार कळवा. आणि नाशिकहून पुण्याकडं येणं झालंच, तर वाटेत चाकणला नक्की थांबा. ही मुलं तुम्हाला भेटायला फार उत्सुक आहेत.

तुमची,
क्वालिटीतली लातूरची मुलगी