कुत्र्या-मांजरांचे घर सुटू नये म्हणून सोलापूरकरांना आवाहन

सोलापूरकर बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

गड्ड्याच्या यात्रेतले पाळणे उतरले की आपल्या शहरात ऊन चढू लागते आणि त्याच सुमारास आमच्याकडे येणाऱ्या फोनचा सूरही बदलतो. थंडीत लोक ‘पिल्लू मिळेल का’ असे विचारतात. मार्च उजाडला की ‘आमचे कुत्रे ठेवून घेता का’ असे विचारू लागतात. कोणाची पुण्याला बदली झालेली असते, कोणाच्या नव्या घरमालकाला मांजर चालत नाही, आणि पुष्कळदा कारण याहून साधे असते: जनावर आजारी पडले आहे आणि दवाखान्याचा खर्च झेपत नाही. हे शेवटचे कारण दूर करणे आपल्या सर्वांच्या आवाक्यातले आहे, आणि त्यासाठी आम्ही उपचार निधी उभा करीत आहोत.

आमचे मंडळ लहान आहे. आम्ही निवारा चालवत नाही आणि चालवावा असेही आम्हाला वाटत नाही. ‘शहराबाहेर एखादी जागा घ्या, शेड मारा’ असे अनेक जण सद्भावनेने सुचवतात. परंतु माणसांच्या पायांत घोटाळत वाढलेले कुत्रे अनोळखी पिंजऱ्यात नेऊन ठेवले की ते दोन-दोन दिवस अन्नाला तोंड लावत नाही, आणि मांजराचे तर त्याहून अवघड, कारण ते माणसांना धरून असते तितकेच, किंबहुना थोडे अधिकच, जागेला धरून असते. म्हणून जे जनावर ज्या घरात वाढले त्याच घरात त्याला राहता यावे, या एकाच कामावर हाती येणारा पैसा खर्च करायचे आम्ही ठरवले आहे.

गेल्या पावसाळ्यात पूर्व भागातील एक विडी कामगार बाई टॉवेलात गुंडाळलेले मांजर घेऊन आमच्या एका कार्यकर्तीच्या दारात आल्या. त्या दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात आणि मांजर त्यांच्या गुडघ्याला टेकून, भिजवलेल्या पानांवर एक पंजा ठेवून बसलेले असते. त्या तिला तेलुगूत नुसते ‘पिल्ली’ म्हणतात, म्हणजे मांजर. शेजारचे कानडी घर ‘बेक्कु’ म्हणते, मागच्या गल्लीत तिची ‘बिल्ली’ होते, आणि खायला काही असेल तर ती तिन्ही हाकांना सारखीच धावते. त्या दिवशी मात्र तिला मान उचलवत नव्हती. तिला ताप होता, म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून घरातली पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून दिली गेली होती. माणसाला चालणारे हे औषध मांजराच्या यकृताला पचवता येत नाही. त्याने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती जाते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, आणि एका गोळीतही मांजर दगावू शकते. वेळेत उपचार मिळाले, पाच दिवस सलाईन चालले आणि पिल्ली वाचली. बाईंनी पहिल्या दिवशी पदराची गाठ सोडून होते तेवढे पैसे टेबलावर ठेवले होते. उरलेले बिल आम्ही आपसांत गोळा करून भरले, आणि बाई आजही जमेल तेव्हा पन्नास रुपये आणून देतात. नको म्हटले तर रागावतात.

त्या बिलाच्या वेळी आमच्या लक्षात आले की दर वेळी आयत्या वेळी चार ओळखीच्या माणसांना फोन करून हे काम निभणारे नाही.

खाऊ घालण्याच्या बाबतीत सोलापूर कधीच मागे नव्हते. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची कथा आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते, आणि पंढरपूर तर आपल्याच जिल्ह्यात आहे. अडचण तुपापाशी नसून औषधापाशी आहे. एका घासात कोणी हात आखडत नाही. पण कुत्र्याला जनावरांच्या दवाखान्यात न्यायचे म्हटले की रिक्षा मिळत नाही, मजुरी बुडते आणि चिठ्ठीवरची औषधे बाहेरून आणावी लागतात, तेव्हा प्रेम असूनही माणूस ‘उद्या बघू’ म्हणतो. (खाऊ घालण्याविषयी एक विनंती मात्र येथेच करून ठेवतो. भाकरी अवश्य द्यावी, पण कांदा-लसणाच्या आमटीत कुस्करलेली किंवा शेंगाचटणी लावलेली देऊ नये. कांदा आणि लसूण यांनी कुत्र्या-मांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात.)

निधीतील पहिला वाटा लसींसाठी राहील. कुत्र्याचे पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की त्याला पारवो आणि डिस्टेंपर या रोगांवरील पहिली लस द्यावी लागते आणि ते साधारण सोळा आठवड्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात आणि पुढे पशुवैद्यकांनी नेमून दिलेल्या मुदतीप्रमाणे. लसीला काही शे रुपये लागतात. ती चुकली आणि पारवो झाला, रक्ताची हगवण सुरू झाली, तर रोजचे सलाईन धरून तोच खर्च काही हजारांवर जातो, आणि इतके करूनही पिल्लू हाती लागेलच असे नाही. शिवाय हा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे त्याच अंगणात आणलेले दुसरे पिल्लूही जाऊ शकते. एकाच घरातून लागोपाठ दोन पिल्ले गेलेली आम्ही पाहिली आहेत.

रेबीजची गोष्ट तर घरातल्या माणसांच्या जिवाशी येते. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राण घेतो, आणि तो कुत्र्याप्रमाणेच मांजराच्या चाव्यातूनही होऊ शकतो, हे अजून पुष्कळांना माहीत नाही. चावा किंवा ओरखडा घरच्या लाडक्या जनावराचा असला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद, चुना, मिरची असे काहीही भरू नये आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे. घराघरांतील कुत्र्या-मांजरांना वेळेवर लस टोचली गेली तर ही धास्ती पुष्कळ कमी होईल, आणि म्हणून या खर्चाकडे केवळ प्राण्यांवरचा खर्च म्हणून पाहू नये, असे आम्हाला वाटते.

दुसरा वाटा नसबंदीच्या शस्त्रक्रियांचा. मांजर चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. घरधनी ‘अजून लहान आहे’ म्हणेपर्यंत माळ्यावर चार पिल्ले झालेली असतात. मग ती पिल्ले खोक्यात घालून मंडईच्या कडेला ठेवली जातात, आणि ठेवणारे निर्दय असतात असेही नाही. पहिल्या विताची पिल्ले त्यांनी दारोदार फिरून वाटलेली असतात, दुसऱ्या विताला कोणी घेणारे उरत नाही. तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागेल: भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर विनाकारण सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. घरमालक किंवा सोसायटी अडवत असेल तर टोकाचा निर्णय घेण्याआधी आम्हाला कळवावे. गृहनिर्माण संस्थेला कुत्रे पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे, आणि समोरासमोर बसून बोलल्यावर, जिना स्वच्छ ठेवण्याची हमी दिल्यावर, बहुतेक ठिकाणी वाद मिटतो असा आमचा अनुभव आहे.

आमच्या हातून झालेली एक चूकही येथे सांगितली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी आम्ही एक देशी पिल्लू घर न पाहता, केवळ फोनवरच्या गोड बोलण्यावर विसंबून, एका कुटुंबाला दिले. एप्रिलमध्ये सहज म्हणून आमचा कार्यकर्ता तिकडे गेला तेव्हा ते पिल्लू गच्चीवर, पत्र्याच्या सावलीत, हातभर साखळीला बांधलेले होते. पाण्याचे स्टीलचे भांडे उन्हात असल्यामुळे पाण्याला बोट लावता येत नव्हते. माणसे वाईट नव्हती, त्यांना कल्पना नव्हती. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करते; त्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि ते ४१ च्या वर गेले की उष्माघाताने जिवावर बेतते. पारा चाळिशीपार जाणाऱ्या आपल्या शहरात पत्र्याखालची सावली ही सावली नव्हेच. जनावर भोवळ येऊन पडले तर त्याच्यावर साधे पाणी ओतावे, पंखा लावावा आणि तसेच ओल्या अंगाने दवाखान्यात न्यावे. ते पिल्लू आता दुसऱ्या घरी, फरशीवर पोट टेकून झोपते. तेव्हापासून घर पाहिल्याशिवाय आम्ही एकही पिल्लू दिलेले नाही.

आता आमचे मागणे. रोख देणगी कितीही लहान असली तरी चालेल; तिची पावती त्याच वेळी मिळेल. देणगीवर आयकरात सवलत मिळण्यासाठीची नोंदणी आमच्याकडे अद्याप नाही, हे देणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावे. निधीतून कोणाच्याही हातात रोख रक्कम दिली जाणार नाही. बिल थेट पशुवैद्यकांना किंवा औषधाच्या दुकानाला चुकते केले जाईल आणि जमाखर्चाची वही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कोणालाही पाहता येईल. मदत मागणाऱ्या घराकडून आम्ही उत्पन्नाचा दाखला मागणार नाही. एक कार्यकर्ता घरी जाऊन चहा पिऊन येतो, तेवढ्याने पुरेसे कळते.

पैशांइतकीच, खरे तर अधिक, गरज आहे ती तात्पुरत्या घरांची. एकट्या राहणाऱ्या वृद्धाला अचानक रुग्णालयात दाखल व्हावे लागते आणि त्यांचे कुत्रे कुलूपबंद दारापुढे बसून राहते. गेल्या दिवाळीत असेच एक म्हातारे कुत्रे अकरा दिवस आमच्या एका सभासदाच्या स्वयंपाकघरात राहिले आणि मालक परतल्यावर जिन्यावरच्या त्यांच्या काठीच्या आवाजानेच उठून उभे राहिले. असे आठ-पंधरा दिवस एखादे जनावर सांभाळू शकणारी कुटुंबे जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, बाळे अशा सर्व बाजूंना हवी आहेत, कारण मांजराला दूर नेण्यापेक्षा जवळच ठेवलेले बरे. खाणे आणि औषधे आम्ही पुरवू. ज्या घरी आधीच कुत्रे आहे त्यांनीही नाव द्यावे. मात्र त्याची लस झालेली असावी. रिक्षाचालक बांधवांपैकी कोणी आजारी जनावर नेण्यास तयार असतील तर त्यांचे भाडे निधीतून रोखीने दिले जाईल, आणि वरच्या नियमाला हा एवढाच अपवाद आहे.

यंत्रमाग आणि टॉवेल कारखानदारांना वेगळी विनंती आहे. विणीत दोष राहिल्याने बाजूला पडलेले टेरी टॉवेल आणि जुन्या, झिजलेल्या सोलापुरी चादरी आम्हाला फार उपयोगी पडतात: शस्त्रक्रियेनंतर अंथरायला, ओल्या पिल्लाला पुसायला, घाबरलेले मांजर गुंडाळून धरायला. उरलेले अन्न, बिस्किटांचे पुडे आणि माणसांची औषधे कृपया आणू नयेत.

उन्हाळ्यापूर्वी निधी हाती असावा म्हणून देणग्या आणि तात्पुरत्या घरांची नावे मार्चअखेरपर्यंत आमच्या कार्यकर्त्यांकडे द्यावीत. आपल्या भागातील कार्यकर्ता कोण हे ठाऊक नसल्यास पहिल्या रविवारी वही पाहण्याच्या वेळी यावे. चादरी आणि टॉवेल धुऊन, वाळवून आणावेत आणि कडेचे सुटे धागे कापून टाकावेत. विडीचा असो की टॉवेलचा, मांजर धागा गिळते, आणि तो आतड्यात अडकला तर पुष्कळदा पोट उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

आपले,
मंडळाचे सर्व कार्यकर्ते,
सोलापूर