सोळानंतरची एक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतल्या जुन्या मोटारींवरच्या लेखात ‘नक्कल ती नक्कलच’ असं वाक्य आहे. ते टोचलं, म्हणून हे पत्र.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करणारा, होतो. 1994 पासून घरामागच्या शेडमध्ये जग्वार एक्सकेएसएस ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार बांधतोय. मूळ गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या फक्त 16. 12 फेब्रुवारी 1957 ला कॉव्हेंट्रीच्या कारखान्याला आग लागली आणि आणखी 9 गाड्या तिथेच जळून गेल्या. त्या 9 पुन्हा बांधायचं कंपनीनेच 2016 मध्ये जाहीर केलं. मग त्यांनाही नक्कलच म्हणायचं का?

माझ्याकडे नकाशे नव्हते, नुसते फोटो. त्यावरून मापं काढून आधी सागवानी सांगाडा केला आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बसवत गेलो. हातोडीचा हलका हात शहापूरच्या एका तांबटमामांकडून शिकलो. पत्रा ठोकून ठोकून कडक होतो, मग तापवून मऊ करायचा. जास्त तापला तर भोकच. म्हणून आधी साबण चोळायचा. साबण काळा पडला की ज्योत बाजूला. एवढं कळेपर्यंत डावा पुढचा मडगार्ड चार वेळा भंगारात गेला.

इंजिनाचं मात्र लपवत नाही. मूळचं 3.4 लिटरचं, सहा सिलिंडरचं. माझ्या गाडीत अ‍ॅम्बॅसेडरचं डिझेल आहे, आणि आवाज तसाच, टेम्पोसारखा. नक्कल म्हणायचंच तर त्याला म्हणा, पत्र्याला नको.

आमची मंडळी विचारतात, गाडी झाल्याचा कुंदा (आमच्या बेळगावची मिठाई) कधी वाटायचा? दिवे बसले की.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर, बेळगाव