रंगमंदिर आतून दाखवा

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात आईला मुंबईचे रॉयल ऑपेरा हाउस दाखवले. १९११ मध्ये सुरू झालेली ही वास्तू बरीच वर्षे बंद राहून २०१६ मध्ये पुन्हा उघडली. सोनेरी नक्षी, बाल्कनी, वर घुमट. आई मान वर करून उभीच राहिली, हलेचना.

आपल्या नाशिकच्या कालिदास कलामंदिरातही तिसरी घंटा झाली, दिवे मंदावले की अंगावर तोच काटा येतो. मला तर पडदा सरकण्याआधीचा तो अंधारच सर्वांत प्रिय. अशा अंधारात पुढच्या रांगेतला मोबाइल उजळला की जीव तुटतो.

शिरवाडकरांच्या या गावात शाळांनी मुलांना एकदा तरी विंगेत, रंगपटात नेऊन आणावे. व्यवस्थापनाने प्रयोग नसलेल्या सकाळी दारे उघडावीत, ही कळकळीची विनंती.

– एक नाट्यरसिक, पंचवटी, नाशिक