चिनूच्या प्रवेशाबद्दल

नांदेड

ती. दादा आणि सौ. आईस,
सुनंदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

यंदा पंचमीला माझं येणं होणार नाही. विलासला फोनवर तेवढंच सांगितलं, कारण सांगितलं नाही. दादा, फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणून फोन आईच्या हातात देता. ही गोष्ट तशी सांगायची नाही, म्हणून लिहायला बसले. सावकाश वाचा. नवा चष्मा लावून वाचा, दोरा बांधलेला जुना नको.

चिनूचा प्रवेश झाला. मेडिकलला नाही. पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात, बी.एस्सी.ला, भूशास्त्र हा मुख्य विषय घेऊन. फी भरली, होस्टेलही मिळालं. पंचमीच्या सुमारास आम्ही दोघं तिला सोडायला जातोय. आधी विचारलं का नाही, असं तुमच्या मनात येईल. विचारलं असतं तर दादा, तुम्ही माळाची दोन एकर विकून खासगी कॉलेजचे पैसे भरायची गोष्ट पुन्हा काढली असती, आणि तुमच्या तोंडावर नाही म्हणणं माझ्याच्यानं झालं नसतं. ती जमीन विकायची नाही. तुमच्या औषधपाण्याला, तुमच्या म्हातारपणाला ती आहे.

घरात एक डॉक्टर असावा, हे तुम्ही भूकंपाच्या त्या वर्षापासून म्हणत आलात. तंबूतल्या दवाखान्यात तुम्ही राजूला मांडीवर घेऊन बसला होतात, ते मी विसरलेले नाही. त्यावर आपण कधी बोललो नाही, आजही मी फार बोलणार नाही. पण तुमची इच्छा कुठून आली हे मला ठाऊक आहे, आणि ती मी हलक्यात घेतली असं कृपा करून समजू नका.

चिनूनं लातूरला जीव ओतून अभ्यास केला. एका खोलीत चार मुली, पहाटेपासून क्लास, रविवारी टेस्ट. तुमचे डबे आले की त्याच दिवशी तेवढी पोटभर जेवायची. दुसऱ्यांदा मेडिकलची ‘नीट’ परीक्षा दिली तरी सरकारी कॉलेजापुरते मार्क पडले नाहीत. शेवटी शेवटी पुस्तक उघडलं की लेकराच्या डोळ्यांतून पाणी यायचं. तिला आणखी एक वर्ष त्या खोलीत पाठवायचं माझ्या मनानं घेतलं नाही.

पण तिकडे जमलं नाही म्हणून ती इकडे वळली, असं नाही. आई, विहिरीचा गाळ काढला त्या उन्हाळ्यात दादांनी तिच्या कमरेला दोर बांधून तिला खाली उतरवलं होतं, तू वरून ओरडत होतीस, आठवतं? दादांनी तिला एकेक थर दाखवला. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग टिकावाला ऐकणारा मांजऱ्या, मध्ये गेरूचा तांबडा पट्टा आणि तळाला काळा पाषाण. तिनं वहीत त्याचं चित्र काढलं. ती वही अजून तिच्या कपाटात आहे.

आता ती मला समजावते. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला, आणि भाकरीच्या चवडीसारखा एकावर एक बसत गेला. मांजऱ्या म्हणजे त्या लाव्ह्याचं वरचं अंग, आतल्या वायूच्या बुडबुड्यांनी भोकं पडलेलं. पाषाण म्हणजे आत सावकाश थिजलेला घट्ट भाग. गेरूचा पट्टा म्हणजे एक लाव्हा थांबल्यावर पुढचा येईपर्यंत उन्हापावसानं झिजलेला दगड. वेरूळची लेणी ज्यात कोरली तो दगड हाच. आणि देगलूरकडे गेलं की ही चवड संपते, खालचा कितीतरी जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. देगलूरला लग्नाला जाताना तिनं त्यासाठी गाडी थांबवायला लावली होती. दादा, हे तिला कुठल्या क्लासनं शिकवलं नाही. तुम्ही दोर धरून वर उभे होतात, तिथून हे सुरू झालं.

म्हणूनच आधी एक काम सांगते. पंचमी झाली की बोअरची गाडी बोलावणार आहात, असं विलास म्हणाला. थांबवा ती. पाणाड्याच्या हातावर नारळ उभा राहिला म्हणून पैसे घालू नका. मागच्या दोन्ही बोअरला धूळच निघाली. आपल्याकडे पाणी धरून ठेवतो तो मुरूम आणि मांजऱ्या. पाषाणात भेग लागली तरच पाणी, नाहीतर पाचशे फूट जा नाहीतर आठशे. लातूरला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं ऑफिस आहे. विलासला सातबारा देऊन तिथं पाठवा. तिथले भूवैज्ञानिक जमिनीत वीज सोडून खालचा दगड तिला किती अडवतो ते मोजतात आणि मग जागा सांगतात. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते तुम्ही पाहिलंय. हे जाणणारी माणसं आपल्या भागात जितकी असतील तितकी थोडीच, आणि चिनूला त्यांच्यातलं एक व्हायचं आहे.

आई, तुझ्या मनात काय येईल ते मला न बोलता कळतं. जमिनीनं एवढं नेलं, आता तिच्याच नादाला लेकरू लावलंस. मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोटात गोळा आला. 2024च्या मार्चमध्ये हिंगोलीकडचा 4.5चा धक्का इथं नांदेडला जाणवला, तेव्हा मी अनवाणी जिन्यावरून खाली पळाले आणि थरथरत चिनूला लातूरला फोन लावला. तिनं आधी माझी विचारपूस केली, मला शांत केलं. मग म्हणाली, “मम्मी, किती वेळ हललं? खाली-वर की आडवं?” ती घाबरली नव्हती. आपल्या घरात भूकंपाचं नाव काढून न घाबरणारं ते एकटंच माणूस आहे गं.

तिनं मला एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मी रात्रभर जागी होते. 1993 साली सरकारी नकाशात आपला भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, पहिल्या. आणि 1992च्या ऑक्टोबरात किल्लारीत सारखे हादरे बसत होते, तेव्हा आपण अंगणात झोपत होतो, तुला आठवत असेल. मग थंडी पडली, हादरे कमी झाले, आणि सगळे पुन्हा माळवदाखाली गेले. 30 सप्टेंबरच्या पहाटे जे झालं त्याचा जोर सव्वासहाच्या आसपास होता. चिनू म्हणते, एवढ्या धक्क्यात सगळीच घरं पडायला हवीत असं नाही. आपली पडली ती मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंतींमुळे आणि डोक्यावरच्या मातीच्या ओझ्यामुळे. 2002च्या नकाशात आपला भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं किल्लारीला 617 मीटर खोल भोक पाडलं, तेव्हा 338 मीटरांवर काळा दगड संपला आणि पुढे जुना खडक लागला. भूकंप कधी येणार हे आजही कुणाला सांगता येत नाही, हे तिनं मला स्पष्ट सांगितलं. पण कुठे काय बांधावं हे सांगता येतं. आई, कुणीतरी हे शिकायला नको का? आपल्या घरातलं शिकलं तर काय वाईट?

आता पोटापाण्याचं. दादा, तुम्ही हेच आधी विचाराल. नुसत्या बी.एस्सी.वर भागत नाही, एम.एस्सी. करावीच लागते. त्यासाठी जॅम नावाची परीक्षा असते, तिच्यातून मुंबईच्या आयआयटीतही जाता येतं. नाहीतर आपल्या नांदेडच्या विद्यापीठात भूशास्त्र संकुल आहेच, म्हणजे लेकरू पुन्हा माझ्याजवळ. त्यानंतर यूपीएससी दरवर्षी भूवैज्ञानिकांची वेगळी परीक्षा घेते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण हे 1851 पासूनचं खातं आहे, तिथं वर्ग एकची नोकरी, सुरुवातीचा मूळ पगार 56,100, वर भत्ते. केंद्राच्या भूजल मंडळातली पदंही त्याच परीक्षेतून भरतात. याशिवाय ओएनजीसी आहे, नागपूरची मॅंगनीजची मॉइल आहे, कोळशाच्या खाणी आहेत. धरण, मेट्रो, बोगदा काहीही करायचं तर आधी खडक वाचणारा लागतो. समृद्धीचा इगतपुरीचा बोगदा जवळजवळ आठ किलोमीटरांचा आहे, तो याच आपल्या काळ्या दगडातून काढला. जागा थोड्या असतात, स्पर्धा आहे, हे मी लपवत नाही. पण स्पर्धा लातूरला कमी होती का?

मुलीच्या जातीनं हातोडी घेऊन डोंगरात हिंडायचं, हे आईला रुचणार नाही. फिरती असते, पण सगळी मुलं-मुली आणि सर बरोबर असतात, एकटं कुणी पाठवत नाही. सुदीप्ता सेनगुप्ता नावाच्या भूवैज्ञानिक बाई 1983 सालच्या मोहिमेत थेट अंटार्क्टिकाला जाऊन आल्या. त्याच मोहिमेत नागपूरच्या आदिती पंत होत्या, त्या समुद्राच्या अभ्यासक. तेव्हा ते जमलं, तर आपल्या चिनूला सह्याद्री अवघड नाही.

जेवणाची काळजी नको. मेसमध्ये पोळी असते, भाकरी रोज नाही मिळणार. म्हणून येसर, शेंगांची चटणी आणि धपाट्याचं पीठ आई तूच करून दे, माझ्या हातचं तिला चालत नाही. मुलींचं होस्टेल कॉलेजच्या आवारात आहे. अंगावर स्वेटर, पायात चांगले बूट, सगळं घेतलंय.

आणि आता तुमचं. दादा, बीपीची गोळी रात्रीची रात्री घ्यायची, सकाळी आठवली म्हणून दोन एकदम घ्यायच्या नाहीत. दुपारच्या उन्हात बांधावर बसायचं नाही. चहात साखर छायाला घालू देऊ नका, मागूही नका. आई, गुडघ्याचा एक्स-रे अजून काढलेला नाहीस. तेल चोळून हाड बरं होत नसतं. न्हाणीत ती रबरी चटई आणली होती ती टाकून ठेव, पेटीत जपून ठेवायची वस्तू नाही ती.

चिनूला रागावू नका. रागवायचं असेल तर मला रागवा, मी ऐकून घेईन. तिला पुण्याला जायच्या आधी तुमच्या पाया पडायचं आहे. पंचमीला नाही जमलं तरी त्याआधीच्या रविवारी मी तिला एक दिवस पाठवते. तिला काही समजावत बसू नका, दादा, तिला घेऊन विहिरीवर जा. तिला नव्यानं काय काय दिसतं ते तुम्हाला सांगायचं आहे, आणि ते मला न सांगता तुमच्यासाठी राखून ठेवलंय तिनं. यंदा मात्र पायऱ्यांवरूनच बघा, दोर बांधून उतरवायचं वय दोघांचंही राहिलं नाही.

विलासला सांगा, रविवारी तिला औशाच्या स्टँडवर घ्यायला यावं. येताना तिच्याबरोबर आईच्या जुन्या रिपोर्टची फाइल पाठवा, इथल्या हाडांच्या डॉक्टरांची वेळ मी घेऊन ठेवली आहे.

तुमची,
सुनंदा